जीपीजीत ट्रस्ट ५ दिला, प्रश्न थांबले. पण दुरुस्ती झाली का?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात उद्यमनगरला पॅटर्न डिझाइनचं ऑफिस आहे. कास्टिंगची ड्रॉइंग्ज शिरोलीच्या फाउंड्रीला आणि पुण्याच्या ग्राहकाला जीपीजीने, म्हणजे फाइल कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रामने, एन्क्रिप्ट करून जातात. जुना संगणक बंद पडला, नव्यावर उबुंटू टाकलं, पब्लिक (इतरांना द्यायची, कुलूप लावणारी) आणि सिक्रेट (स्वतःकडे ठेवायची, कुलूप उघडणारी) दोन्ही किल्ल्या इम्पोर्ट केल्या. तेव्हापासून स्वतःच्याच किल्लीपुढे ‘अननोन’ दिसतं, प्रत्येक फाइलला ‘तरीही ही किल्ली वापरायची का?’ असं विचारलं जातं, आणि रात्रीची स्क्रिप्ट तिथेच पडते. कुणीतरी सांगितलं म्हणून सगळ्या किल्ल्यांना ट्रस्ट ५ दिला आणि सगळं सुरळीत झालं. हे चालेल का?

चालणार नाही. प्रश्न थांबले, कारण आता तुमच्या संगणकाच्या लेखी शिरोलीची फाउंड्री आणि पुण्याचा ग्राहक म्हणजे तुम्ही स्वतःच आहात. ५ म्हणजे अल्टिमेट, आणि तो फक्त स्वतःच्या किल्लीसाठी असतो. उद्या त्यांच्यापैकी कुणाची सिक्रेट किल्ली चोरीला गेली, तर चोर तिने कुठल्याही नावाच्या बनावट किल्लीवर सही करेल (सही म्हणजे ‘ही किल्ली याचीच’ अशी ग्वाही) आणि तुमचं मशीन ती बनावट किल्ली मुकाट्याने खरी धरेल. एकही इशारा येणार नाही.

पुढच्या सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर टाइप करताना रोमन अक्षरं वापरायची. डॅश आणि कोलन जिथे दाखवलेत तिथेच द्यायचे. ‘फिंगरप्रिंट’ असं लिहिलंय तिथे त्या किल्लीचा पूर्ण ४० अंकी फिंगरप्रिंट (किल्लीची ओळख पटवणारा क्रमांक), मधल्या मोकळ्या जागा काढून. शेवटचे ८ अंक वापरायची जुनी सवय सोडून द्या. तेवढे अंक जुळणारी दुसरी किल्ली बनवणं अवघड नाही, हे २०१४ मध्येच करून दाखवलं गेलंय.

गोंधळाचं मूळ असं की जीपीजी दोन वेगळ्या गोष्टी सांभाळतं आणि बोलताना आपण दोघींनाही ‘ट्रस्ट’ म्हणतो. पहिली व्हॅलिडिटी, म्हणजे वैधता: ही किल्ली खरंच त्या नावाच्या माणसाची आहे का? ही जीपीजी स्वतः हिशेब करून ठरवतं, आपण ती हाताने भरू शकत नाही. दुसरी ओनरट्रस्ट, म्हणजे भरवसा: हा माणूस दुसऱ्यांच्या किल्ल्या नीट तपासून सही करतो का? हा आपण हाताने भरतो. गुजरीतल्या पेढीवर हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. समोरचा हुपरीचा कारागीर कोण, हे पेढीवाल्याला पक्कं माहीत असतं. पण तो कारागीर ज्याला घेऊन येईल त्यालाही उधार माल द्यायचा का, हा वेगळा निर्णय असतो. तुम्हाला पहिली गोष्ट हवी होती, तुम्ही दुसरी देऊन बसलात.

या दोन्ही गोष्टी एका जागी बघायला मिळतात:

जीपीजी --एडिट-की फिंगरप्रिंट

उघडल्यावर ‘पब’ने सुरू होणाऱ्या ओळीखाली ‘ट्रस्ट’ आणि ‘व्हॅलिडिटी’ असे दोन शब्द शेजारीशेजारी येतात. दुरुस्तीला हात घालण्याआधी ते वाचायची सवय लावा. ट्रस्ट अननोन (किंवा अनडिफाइन्ड), व्हॅलिडिटी फुल: ही फाउंड्रीच्या किल्लीची निरोगी अवस्था. ट्रस्ट अल्टिमेट, व्हॅलिडिटी अल्टिमेट: तुमची स्वतःची. ट्रस्ट फुल, व्हॅलिडिटी अननोन असं दिसलं तर तुम्ही भरवसा टाकलाय, पण किल्ली कुणाची हेच सिद्ध केलेलं नाही. अशा भरवशाचा हिशेबात काहीही उपयोग होत नाही. नेहमीच्या यादीत, म्हणजे --लिस्ट-कीज मध्ये, नावाआधी चौकटी कंसात येतो तो शब्द फक्त वैधतेचा असतो. भरवसा तिथे दिसत नाही. कोलनवाली यादी काढली (--विथ-कोलन्स), तर ‘पब’ ओळीचा दुसरा रकाना वैधतेचा आणि नववा भरवशाचा.

आता नव्या मशीनवर हे का घडलं ते बघू. किल्ली तयार होते तेव्हा जीपीजी तिला आपोआप अल्टिमेट भरवसा देतं. हा आकडा किल्लीच्या आत नसतो. तो होम फोल्डरमधल्या .ग्नूपीजी या लपवलेल्या फोल्डरात, ट्रस्टडीबी.जीपीजी नावाच्या फाइलमध्ये असतो, आणि किल्ली एक्स्पोर्ट करताना बरोबर जात नाही. हे मुद्दाम तसं ठेवलंय: कुणावर भरवसा ठेवायचा हा ज्याचा त्याचा खासगी मामला. सिक्रेट किल्ली इम्पोर्ट केल्यावर जीपीजी तुम्हाला मालक मानत नाही, नुसतं ‘सिक्रेट की आहे’ एवढंच नोंदवतं. मग आधी सह्या केलेल्या किल्ल्यांचाही आधार जातो, कारण त्या सह्या कुणाच्या, तर एका अनोळखी किल्लीच्या. एक आकडा हरवला आणि सगळी साखळी तुटली.

याची खात्री एका कमांडने होते:

जीपीजी --चेक-ट्रस्टडीबी

‘एकही अल्टिमेटली ट्रस्टेड किल्ली सापडली नाही’ अशा अर्थाची ओळ आली तर दुखणं हेच. ठीक असेल तर ‘डेप्थ ०’ने सुरू होणारी ओळ येते, त्यात व्हॅलिड किती, साइन्ड किती आणि शेवटी ‘१यू’ असं काहीतरी. डेप्थ ० म्हणजे तुमच्या स्वतःच्या किल्ल्या. तुमच्या केसमध्ये आत्ता इथे ३यू, ५यू असं दिसत असणार; ५ दिलेली प्रत्येक किल्ली त्यात मोजली गेलीय. दुरुस्तीनंतर तिथे १यू आणि खाली ‘डेप्थ १’ची वेगळी ओळ दिसली पाहिजे.

दुरुस्ती उलट्या क्रमाने करा: आधी चुकीचे ५ काढा, मग बरोबर जागी द्या. फाउंड्री आणि ग्राहक यांची प्रत्येक किल्ली --एडिट-की ने उघडून आत ‘ट्रस्ट’ टाइप करा आणि १ निवडा. १ म्हणजे ‘माहीत नाही किंवा सांगणार नाही’. २ निवडू नका. त्याचा अर्थ ‘याच्या सहीवर माझा अजिबात भरवसा नाही’ असा होतो, तो वेगळा शेरा आहे. मग स्वतःच्या किल्लीला ५ द्या, ‘खरंच?’ असं विचारेल, त्याला हो म्हणा, आणि ‘क्विट’ करून बाहेर या. इथे बरेच जण अडखळतात: ५ देऊनही त्याच पडद्यावर व्हॅलिडिटी अननोनच दिसत राहते. जीपीजी खाली सांगतंही, की प्रोग्राम पुन्हा सुरू केल्याशिवाय ही वैधता बरोबर असेलच असं नाही. ती सूचना न वाचता पुन्हा पुन्हा ५ देत बसू नका. बाहेर येऊन यादी काढा.

आता फाउंड्रीची किल्ली. तिला भरवसा नको, सही हवी. जुन्या मशीनवर तुम्ही लोकल सही (फक्त त्याच मशीनपुरती) केली असेल तर ती साध्या एक्स्पोर्टमध्ये आलीच नाही, कारण लोकल सह्या मुद्दाम बाहेर पडू दिल्या जात नाहीत. जुनी डिस्क वाचता येत असेल तर तिथे एक्स्पोर्ट करताना --एक्स्पोर्ट-ऑप्शन्स एक्स्पोर्ट-लोकल-सिग्ज आणि इथे घेताना --इम्पोर्ट-ऑप्शन्स इम्पोर्ट-लोकल-सिग्ज, असं दोन्हीकडे सांगावं लागतं. डिस्क गेलीच असेल तर नव्याने सही करा:

जीपीजी --क्विक-एलसाइन-की फिंगरप्रिंट

त्याआधी फोन. फिंगरप्रिंटचे ४ अंकांचे १० गट असतात. फाउंड्रीतल्या माणसाला त्याच्या मशीनवरून ते वाचायला लावा, तुम्ही तुमच्या पडद्यावर बोट ठेवून जुळवा. दहाच्या दहा. पहिला आणि शेवटचा गट जुळला म्हणून भागत नाही. आणि फोन नंबर किल्ली ज्या ईमेलमधून आली त्यातला नको, बिलावरचा किंवा आधीपासून तुमच्याकडे असलेला घ्या. शिरोली काही लांब नाही, गाडी काढून गेलात तर सगळ्यात उत्तम.

सही करूनही वैधता अननोनच राहिली तर तीन ठिकाणी बघा. पहिलं, ज्या किल्लीने सही झाली ती तुमची अल्टिमेटवाली आहे का? एकापेक्षा जास्त सिक्रेट किल्ल्या असतील तर जीपीजी डिफॉल्ट म्हणून भलतीच उचलू शकतं. -यू देऊन तिचा फिंगरप्रिंट सांगा. दुसरं, --एडिट-की च्या आत जाऊन ‘एलसाइन’ केलं आणि ‘सेव्ह’ न करता बाहेर पडलात का? भरवसा लगेच लिहिला जातो, सही मात्र सेव्ह केल्यावरच. तिसरं थोडं आडवळणाचं: --आस्क-सर्ट-लेव्हल चालू ठेवून सही करताना ‘किती काळजीपूर्वक तपासलंत’ याला १, म्हणजे ‘अजिबात नाही’, असं प्रामाणिक उत्तर दिलं असेल, तर ती सही हिशेबात धरलीच जात नाही. जीपीजीचा किमान दर्जा २ आहे. ० म्हणजे ‘काही सांगणार नाही’ मात्र चालतं. मौनाला मान, कबुलीला नाही. असा हा विचित्र नियम आहे, पण आहे.

वैधता आणखी बारकाईने बघायची तर ती किल्लीला नसून त्या किल्लीवरच्या प्रत्येक नावाला असते, आणि याने भलेभले फसतात. समजा पुण्याच्या ग्राहकाच्या एकाच किल्लीवर दोन पत्ते आहेत, एक खरेदी विभागाचा, एक ड्रॉइंग विभागाचा. तुम्ही सही केली तेव्हा पहिलाच होता, दुसरा त्यांनी नंतर जोडला. यादीत पहिल्यापुढे ‘फुल’, दुसऱ्यापुढे ‘अननोन’. आता -आर (कुणासाठी एन्क्रिप्ट करायचं ते सांगणारा पर्याय) देऊन दुसरा पत्ता टाकलात की जीपीजी त्या नावाची वैधता बघतं आणि प्रश्न विचारतं; पहिला पत्ता टाकलात तर बिनबोभाट एन्क्रिप्ट होतं. किल्ली तीच, फाइल तीच. ‘कधी विचारतं, कधी नाही’ अशी तक्रार आली की आधी हेच तपासावं. नव्या पत्त्याची खातरजमा करून --क्विक-एलसाइन-की पुन्हा चालवा. राहिलेल्या नावांवर सही होईल.

पुण्याच्या ग्राहकाकडे माणसं बरीच आणि बदलत राहणारी असतील, तर प्रत्येकाला फोन करणं झेपणार नाही. मोठ्या कंपन्यांत बहुधा एक मुख्य किल्ली असते, तिने सगळ्यांच्या किल्ल्यांवर सह्या केलेल्या असतात. ओनरट्रस्टचा खरा उपयोग इथे. त्या मुख्य किल्लीचा फिंगरप्रिंट एकदा नीट जुळवा, तिच्यावर लोकल सही करा आणि मग तिला ट्रस्ट ४ द्या. दोन्ही लागतं, फक्त ४ देऊन वैधता येत नाही हे वर आलंच आहे. ४ वाल्या एका सहीवर किल्ली पूर्ण वैध होते, ३ वाल्या म्हणजे मार्जिनल लोकांच्या तीन सह्या लागतात. हे आकडे बदलता येतात, पण बदलायची गरज सहसा पडत नाही.

इथे अडथळा कीसर्व्हरचा, म्हणजे लोकांच्या पब्लिक किल्ल्या जिथून मिळतात त्या सर्व्हरचा. जुने लेख वाचून लोक किल्ल्या सर्व्हरवरून ओढतात आणि मुख्य किल्लीच्या सह्या बरोबर आल्याच नाहीत म्हणून डोकं धरून बसतात. जून २०१९ मध्ये काही किल्ल्यांवर हजारो खोट्या सह्या ओतून त्या निकामी करण्याचा प्रकार झाला. त्यानंतर जीपीजीच्या २.२.१७ पासून सर्व्हरवरून येणाऱ्या किल्लीवर फक्त तिच्या मालकाच्याच सह्या ठेवल्या जातात, बाकीच्या गाळल्या जातात. कीज.ओपनपीजीपी.ऑर्ग हा सर्व्हर तर मुळात इतरांच्या सह्या देतच नाही, आणि मालकाने ईमेल पडताळलेला नसेल तर नावही देत नाही. मग जीपीजी ‘युझर आयडी नाही’ म्हणून किल्ली टाकून देतं. त्यामुळे ग्राहकाकडून किल्ल्या फाइल म्हणून मागवा आणि --इम्पोर्ट करा. आधी मुख्य किल्ली, मग कर्मचाऱ्यांच्या: इम्पोर्ट-क्लीन चालू असेल तर ज्या सहीची किल्ली तुमच्याकडे नाही ती सही आत येतानाच पुसली जाते.

सह्या खरंच आल्यात का हे --चेक-सिग्ज ने बघा. --लिस्ट-सिग्ज नुसती यादी देतं, पडताळत नाही. चेकमध्ये ओळीपुढे उद्गारचिन्ह असेल तर सही बरोबर, डॅश असेल तर चुकीची. सही आलेली असूनही वैधता येत नसेल तर ती शा-१ (जुनी, कमकुवत ठरलेली हॅश पद्धत) वर केलेली आहे का ते बघा. १९ जानेवारी २०१९ नंतर केलेल्या अशा सह्या २.२.१८ पासून मानल्या जात नाहीत. उपाय ग्राहकाकडे आहे, त्यांनी नव्या पद्धतीने पुन्हा सही करायची. तुमच्याकडे ढिलाई करणारा पर्याय आहे, पण तो वापरू नका.

मुदत संपलेल्या किल्लीचं दुखणं ट्रस्टसारखं दिसतं, पण ते ट्रस्टचं नसतं. ‘अनयुझेबल पब्लिक की’ असा संदेश आला तर कंसातल्या तारखा बघा. बऱ्याचदा मुख्य किल्लीची मुदत वाढवलेली असते आणि एन्क्रिप्शनची सबकी (मुख्य किल्लीखालची उपकिल्ली) विसरलेली असते, त्यामुळे यादीत ‘फुल’ आणि तरी एन्क्रिप्ट होत नाही. स्वतःच्या किल्लीसाठी --क्विक-सेट-एक्स्पायर फिंगरप्रिंट १वाय फक्त मुख्य किल्लीची मुदत वाढवतं (१वाय म्हणजे एक वर्ष). त्यालाच शेवटी अवतरणात तारांकित चिन्ह दिलं, तर जिवंत सबकींची वाढते. मेलेल्या सबकीचा फिंगरप्रिंट वेगळा द्यावा लागतो. मग नवी पब्लिक किल्ली सगळ्यांना पाठवा, नाहीतर त्यांच्याकडे तुम्ही मेलेलेच राहता.

आता रात्रीची स्क्रिप्ट. ती क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) रूट (मशीनचा सर्वाधिकारी युझर) म्हणून किंवा वेगळ्या युझरने चालत असेल, तर तिचं .ग्नूपीजी फोल्डर वेगळं, ट्रस्टडीबी वेगळी. तुम्ही दिवसभर स्वतःच्या लॉगिनवर केलेली दुरुस्ती तिला दिसणारच नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला जीपीजी --व्हर्जन चालवून लॉगमध्ये टाका, त्यात ‘होम’पुढे कुठला फोल्डर येतो ते वाचा. आणि सुडोने, म्हणजे रूटचे अधिकार घेऊन, कधी जीपीजी चालवलं असेल तर उलटी गडबड होऊ शकते: तुमच्या फोल्डरातल्या फाइलची मालकी रूटकडे जाते आणि ‘ट्रस्टडीबी लिहिता येत नाही’ असं येऊ लागतं. सीएचओडब्ल्यूएन (फाइलची मालकी बदलणारी कमांड) ने मालकी परत घ्या. फोल्डरला ७००, आतल्या फाइलींना ६००, आत उपफोल्डर असतील त्यांनाही ७००.

स्क्रिप्टमध्ये ५ देण्यासाठी मेन्यू लागत नाही. ओळ अशी:

एको "फिंगरप्रिंट:६:" | जीपीजी --इम्पोर्ट-ओनरट्रस्ट

६ ही छपाईची चूक नाही. मेन्यूतले आकडे आणि या फाइलीतले आकडे एकाने सरकलेले आहेत: मेन्यूतला ५ म्हणजे फाइलीतला ६, ४ म्हणजे ५, ३ म्हणजे ४. मेन्यू डोक्यात ठेवून फाइलीत ५ लिहिला तर स्वतःची किल्ली ‘फुल’ होते, अल्टिमेट नाही, साखळी तुटलेलीच राहते आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही. शेवटचा कोलन विसरू नका.

--ट्रस्ट-मॉडेल ऑलवेज लावून सगळेच प्रश्न बंद करता येतात. स्क्रिप्टमध्ये ते चालेल, पण एका अटीवर: -आर ला ईमेल न देता पूर्ण फिंगरप्रिंट द्यायचा. ईमेल दिला आणि त्याच पत्त्याची दुसरी किल्ली रिंगमध्ये (तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्यात) शिरली, तर ड्रॉइंग कुणासाठी एन्क्रिप्ट होईल सांगता येत नाही. जीपीजी.कॉन्फ फाइलमध्ये मात्र हे कायमचं लिहू नका. मुदत संपलेली किल्ली यानेही चालू होत नाही, हेही लक्षात असू द्या.

स्क्रिप्ट सह्या पडताळत असेल तर आणखी एक खड्डा आहे. --व्हेरिफाय चा एक्झिट कोड (कमांड संपताना स्क्रिप्टला मिळणारा आकडा) ० येतो तेव्हा सही गणिताने बरोबर आहे एवढंच कळतं. किल्ली अनोळखी असली तरी इशारा छापून ० च येतो. --स्टेटस-एफडी १ लावून ‘व्हॅलिडसिग’ची ओळ पकडा आणि तिच्यातला फिंगरप्रिंट तुमच्याकडच्या फिंगरप्रिंटशी जुळवा.

ट्रस्टडीबीच बिघडली, किंवा कधीच्या काळी डिलीट केलेल्या किल्लीबद्दल ‘अल्टिमेटली ट्रस्टेड की सापडत नाही’ अशी कुरकुर रोज येत असेल, तर भरवशाची यादी टेक्स्टमध्ये काढा:

जीपीजी --एक्स्पोर्ट-ओनरट्रस्ट > ओट्रस्ट.टीएक्सटी

फाइल उघडून नको ती ओळ खोडा, ट्रस्टडीबी.जीपीजी दुसऱ्या नावाने बाजूला ठेवा, आणि --इम्पोर्ट-ओनरट्रस्ट ने ही फाइल परत भरा. वैधता पुन्हा मोजली जाते, किल्ल्यांना धक्का लागत नाही. ऑफिसात विंडोजवालं मशीन असेल तर तिथे हे जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये करा. विंडोजबरोबर येणारं पॉवरशेल ‘>’ने फाइल वेगळ्याच एन्कोडिंगमध्ये लिहितं आणि जीपीजीला ती वाचता येत नाही.

हीच ओट्रस्ट फाइल सिक्रेट किल्लीच्या बॅकअपशेजारी ठेवली असती तर तुमची निम्मी अडचण आली नसती. उरलेली निम्मी लोकल सह्यांची, त्यासाठी वरचा एक्स्पोर्ट-लोकल-सिग्जवाला एक्स्पोर्टही त्याच पेनड्राइव्हवर घ्या. यादीत गुप्त काही नसतं, फक्त फिंगरप्रिंट आणि आकडे. पण तुमचे व्यवहार कुणाकुणाशी आहेत ते तीवरून कळतं, म्हणून कुठेही टाकून देऊ नका. आणि पेनड्राइव्ह ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको. पंचगंगेचं पाणी २०१९ ला आणि २०२१ ला शहरात कुठवर आलं होतं, ते तळमजल्यावाल्यांना सांगायला नको.